‘ढकलपास’ आणि शाळेचे उत्तरदायित्व
शिक्षण हक्क कायदा, 2009 याच्या कलम 16 ने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवण्यास व शाळेतून काढण्यास मनाई केली, तर कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ, म्हणजे छडीबरोबरच अपमानही, निषिद्ध ठरवला. मात्र सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे वर्षभर मुलाच्या शिकण्याची नोंद ठेवून उणीव वेळीच भरून काढण्याची पद्धत, जिथे प्रगतिपुस्तकातील ठरावीक शेऱ्यांपुरती उरली, तिथे हातच्याची वजाबाकी न जमणारे मूल पुढच्या वर्गात अपूर्णांकांसमोर मुकाट बसून राहिले; बोलीत यालाच ‘ढकलपास’ म्हणतात, आणि दोष कायद्याच्या माथी मारला जातो. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांना जादा मार्गदर्शन व निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा आणली, मागे ठेवण्याचा निर्णय सरकारांवर सोपवला, आणि महाराष्ट्राने 2023 मध्ये त्यानुसार नियम बदलले. या तरतुदीचा कणा ते दोन महिनेच आहेत. त्यांतला बराच काळ मे महिन्याच्या सुट्टीत जातो, आणि त्या काळात कोणी, किती तास, काय शिकवले याचा हिशेब शाळेकडे नसेल, तर अपयशाचे सारे ओझे दहा-अकरा वर्षांच्या मुलावर पडते.