विकत घेतलेला फोन आपला कधी होतो?

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याच जिल्ह्यातील, शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पंतप्रधान मनमोहनसिंग त्या दिवशी गावात आले होते. त्यानंतरच्या वर्षांत शासन आणि नागरिक यांच्यामध्ये मोबाइल फोन येऊन बसला. मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी 'पोषण ट्रॅकर' आला. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरील हजेरी मोबाइलवरून, मजुरांच्या छायाचित्रांसह नोंदविण्याचे बंधन आले. ज्या वस्तूवाचून मजुराची हजेरी लागत नाही, ती वस्तू कोणाच्या हुकमतीत आहे हा प्रश्न म्हणूनच केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही.

या प्रश्नाची धग महाराष्ट्रात प्रथम अंगणवाडी सेविकांना लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. दोन जीबी रॅमचे ते फोन कामाच्या भाराखाली तापत आणि अडकत होते, दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडत होता, आणि ज्या अ‍ॅपमध्ये माहिती भरायची ते इंग्रजीत होते. कुपोषणाचा प्रश्न जिथे इतका तीव्र आहे त्या अक्कलकुवा-अक्राणीत या तक्रारीचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला सांगायला नको. पुष्कळांनी तेव्हा सेविकांनाच तंत्रज्ञानविरोधी ठरविले. वस्तुतः त्यांचे म्हणणे साधे होते. यंत्र आमच्या हाती देता, जबाबदारी आमच्यावर टाकता, परंतु यंत्रात काय असावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र आम्हाला नाही.

ते फोन शासनाचे होते. आपण स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनची स्थिती तरी निराळी आहे काय? पावती आपल्या नावाची असते, पण आपण न मागितलेली कितीतरी अ‍ॅप्स त्यात आधीच भरलेली असतात आणि त्यांतील काही काढताही येत नाहीत. दोन-तीन वर्षांनी कंपनी सुधारणा पाठविणे थांबविते आणि धडधाकट यंत्र निरुपयोगी ठरू लागते. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे, हा अनुभव या तालुक्यांना नवा नाही. १९७२ च्या सुमारास शहाद्यात जी आदिवासी चळवळ उभी राहिली तिच्या मुळाशी जमिनीचा हाच प्रश्न होता. फोनची आणि जमिनीची बरोबरी मी करीत नाही. पण मालकी कागदावर एकाची आणि हुकमत दुसऱ्याची, हे दुखणे ओळखीचे आहे एवढेच म्हणतो.

ही हुकमत नेमकी कशात असते ते पाहू. फोन सुरू होताच प्रथम 'बूटलोडर' नावाचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. पुढे सुरू होणाऱ्या प्रणालीवर कंपनीची सही आहे की नाही हे तो तपासतो. बूटलोडर कुलूपबंद असेल तर कंपनीची प्रणाली तेवढी चालते. ते कुलूप काढले की तिच्या जागी दुसरी प्रणाली बसविता येते. या दुसऱ्या प्रणालीला आपली तरुण मुले 'कस्टम रॉम' म्हणतात. 'रूट' करणे ही याहून वेगळी गोष्ट आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला चाळीतल्या बिऱ्हाडासारखी आपापली खोली असते आणि एकाला दुसऱ्याच्या खोलीत शिरता येत नाही. रूट म्हणजे सगळ्या खोल्यांची किल्ली. ती किल्ली एखाद्या अ‍ॅपच्या हाती दिली की तुमचे संदेश, छायाचित्रे, बँकेचा व्यवहार यांपैकी काहीच त्याच्यापासून सुरक्षित राहत नाही.

नवख्या माणसाची पहिली चूक येथेच होते. प्रणाली बदलायची तर रूट केलेच पाहिजे असे तो समजतो. तसे नाही. जुना फोन हलका आणि सुरक्षित करणे एवढाच हेतू असेल तर चांगली कस्टम रॉम पुरेशी आहे, आणि शंभरातल्या नव्वद जणांचा हेतू तोच असतो. रूटचा अधिकार मालकाला असावा या मताचा मी आहे, परंतु रोजच्या वापरातील फोन रूट करू नका असाच माझा सल्ला राहील.

आता निवडीविषयी. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक या प्रोग्रामरने 'सायनोजेनमॉड' नावाची प्रणाली सुरू केली आणि जगभरातील स्वयंसेवकांनी ती वाढविली. पुढे तिच्याभोवती कंपनी उभी राहिली. डिसेंबर २०१४ मध्ये या कंपनीच्या प्रणालीवर भारतात अनन्य हक्क कोणाचा, यावरून मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात भांडले. लोकांनी मिळून केलेल्या कामावर मक्तेदारीचा दावा कसा सांगितला जातो, याचा तो नमुना होता. २०१६ च्या अखेरीस कंपनीने त्या प्रणालीची सेवा बंद केली. प्रणाली मात्र संपली नाही. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला असल्यामुळे स्वयंसेवकांनी त्याच महिन्यात 'लिनिएजओएस' या नावाने काम पुढे चालू केले. नवख्याने आपल्या फोनसाठी प्रथम हीच प्रणाली शोधावी असे मी सुचवितो. 'ग्राफीनओएस' सुरक्षिततेत फार सरस आहे, परंतु ती आजवर गूगलच्या पिक्सेल फोनपुरतीच राहिली आहे, आणि तो फोन आपल्यातील किती जणांच्या खिशात असणार?

निवड करताना चार गोष्टी पाहा. तुमच्या फोनचे नुसते नाव पाहू नका, नेमका मॉडेल क्रमांक पाहा. एकाच नावाने दोन-तीन निरनिराळी यंत्रे विकली जातात, आणि एकाची फाइल दुसऱ्यात घातली तर फोन विटेसारखा निर्जीव होऊ शकतो. त्या मॉडेलची प्रणाली अधिकृत यादीत आहे काय आणि तिच्या सुरक्षा-सुधारणा अद्याप येत आहेत काय, हे दुसरे. तिसरे, कंपनी कुलूप काढू देते काय? शाओमी त्यासाठी खाते आणि प्रतीक्षा मागते, हुआवेने २०१८ मध्ये ही सोय बंद केली, तर सॅमसंगने २०२५ मध्ये आपल्या नव्या आवृत्तीतून हा पर्यायच काढून टाकला. चौथी गोष्ट आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच मुळी ४जी म्हणून, त्यावर जुन्या पद्धतीचा कॉल जात नाही. नव्या प्रणालीत 'व्होल्टे' चालत नसेल तर इंटरनेट मिळेल पण बोलता येणार नाही. सातपुड्याच्या ज्या पाड्यावर एकाच कंपनीची रेंज पोहोचते तेथे बाळंतिणीसाठी रुग्णवाहिका बोलवायची झाली तर असा फोन काय कामाचा?

कृतीचा क्रमही सांगतो. संगणकावर गूगलची 'प्लॅटफॉर्म टूल्स' ही साधने घ्या. रॉमची फाइल मूळ ठिकाणाहूनच उतरवा, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी पाठविलेली नको. फाइलसोबत अंकांची आणि अक्षरांची एक लांब खूण दिलेली असते. उतरविलेल्या फाइलची खूण तिच्याशी जुळते काय ते तपासा. फोन आणि लॅपटॉप दोन्ही पूर्ण चार्ज असू द्या, कारण वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. तुमच्या मॉडेलसाठी दिलेल्या सूचना प्रथम शेवटपर्यंत वाचा आणि मगच हात घाला. आणि एकदा दुसरी प्रणाली बसविली की, त्या मॉडेलच्या सूचनांत स्पष्ट सांगितले नसेल तर बूटलोडर पुन्हा कुलूपबंद करण्याच्या फंदात पडू नका. चालता फोन त्यानेही बंद पडतो.

या सगळ्याच्या आधी करायची एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती मी स्वतः केली नव्हती. काही वर्षांपूर्वी एका रात्री मी माझ्या जुन्या फोनचे कुलूप काढले. कुलूप काढताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. चोराच्या हाती फोन पडला तर त्याला आतले वाचता येऊ नये म्हणून तशी योजनाच असते. मला हे ऐकून ठाऊक होते, पण घाईत मी पडद्यावरील इशारा न वाचता होकार दिला. त्या फोनमध्ये अक्राणी तालुक्यातील एका पाड्याच्या वनहक्क दाव्यांची कागदपत्रे होती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो, आणि त्यासाठी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. कागदांची छायाचित्रे मी पुन्हा पाड्यावर जाऊन काढली, त्यात तीन दिवस गेले. पण एका म्हाताऱ्या बाबांचे बोलणे मी केवळ ध्वनिमुद्रित केले होते, कागदावर उतरविले नव्हते. मी परत गेलो तोवर ते वारले होते. त्यांच्या नातवाने मला दोष दिला नाही. तो इतकेच म्हणाला, "दादा, तुमच्याकडे आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

तेव्हा सांगतो, आधी दोन ठिकाणी नक्कल ठेवा, एक संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर, आणि त्या दोन्ही उघडून पाहा. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ज्या फोनमध्ये आहे त्यावर प्रयोग करू नका. पहिला प्रयोग कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर करा.

तोटेही झाकून ठेवता कामा नयेत. कुलूप काढलेल्या फोनवर बँकेची आणि पैसे देण्याघेण्याची अ‍ॅप्स चालण्यास नकार देऊ शकतात. ज्याच्याकडे एकच फोन आहे त्याने हा विचार आधी करावा. असा फोन दुसऱ्याच्या हाती पडला तर त्याच्या प्रणालीत ढवळाढवळ करणेही सोपे जाते. शिवाय नवी रॉम अँड्रॉइड सुधारते, परंतु आतील चिपांचे जे फर्मवेअर कंपनीच देऊ शकते ते जुनेच राहते. म्हणजे फोनचे आयुष्य वाढते, तो नवा होत नाही. सेविकांना किंवा अन्य कर्मचाऱ्यांना मिळालेल्या सरकारी फोनला तर हात लावूच नये. तेथे उपाय एकच, आणि तो सेविकांनी २०२१ मध्ये दाखविला आहे, संघटितपणे यंत्र परत करून चांगले मागण्याचा.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. लॅपटॉप, केबल आणि फावला वेळ असलेल्या माणसापुरती ही वाट उघडी आहे. धडगावच्या बाजारात हप्त्याने फोन घेणाऱ्या शेतमजुराला ती उघडी नाही. म्हणून वैयक्तिक कौशल्यावर समाधान मानून चालणार नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो दंड कायम ठेवला, परंतु आधीच भरलेली गूगलची अ‍ॅप्स वापरणाऱ्याला काढू द्यावीत हा आदेश मात्र रद्द केला. तिजोरीत दंड जाणार आणि फोन होता तसाच राहणार, असा त्याचा सामान्य माणसापुरता अर्थ झाला. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. संकेतस्थळावर माहिती मिळते, कंपनीवर सक्ती होत नाही. युरोपीय संघाने मात्र २० जून २०२५ पासून सुटे भाग आणि दुरुस्ती यांविषयीचे नियम फोन-कंपन्यांवर बंधनकारक केले आहेत. तेथील ग्राहकाला जे मिळू शकते ते येथील ग्राहकाला का मिळू नये?

आपली मागणी तीन कलमांत मांडता येईल. सुधारणा किती वर्षे मिळतील हे खोक्यावर छापावे आणि ते पाळावे. कंपनीने सुधारणा थांबविल्या की बूटलोडरची किल्ली विनाअट मालकाला द्यावी. आणि शासन जो फोन किंवा जे अ‍ॅप लोकांवर बंधनकारक करते, ते लोकांच्या भाषेत असावे व त्याची दुरुस्ती शासनाच्या खर्चाने व्हावी.

तोवर प्रत्येक तालुक्यात निदान दोन साथींनी हे काम नीट शिकून घ्यावे. त्यांनी जुने फोन जमवावेत, दुरुस्त करावेत, गरजू विद्यार्थ्यांना द्यावेत. शिकविताना पहिला धडा बूटलोडरचा देऊ नये, नक्कल ठेवण्याचा द्यावा. त्या बाबांचा जबाब परत मिळणार नाही. दुसऱ्या कोणाचा तरी जाऊ नये.