कोंडा, ग्लायकोलिक आणि माझा भाजलेला भांग

सुरू करायच्या आधी एक विनंती. आत्ता ऐकता ऐकता डोकं खाजवत असाल, तर हात जरा खाली घ्या. (हसते.) कारण आजचा विषय तोच आहे. डोक्यावर ग्लायकोलिक ॲसिड लावायचं का, आणि लावायचंच असेल तर कसं. आणि हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाहीये, मी भाजून घेतलेली पेशंट म्हणून सांगतेय.

तर झालं असं. मला दोन वर्षांपासून कोंडा. काळा कुर्ता घालायचा म्हणजे आधी विचार करायचा. त्यात एक रील दिसलं. एक मुलगी चेहऱ्याचा ग्लायकोलिक टोनर भांगात ओततेय आणि म्हणतेय, स्काल्प एकदम क्लीन. माझ्याकडे ७ टक्क्यांचा टोनर घरात पडलेलाच होता. मग काय, केस धुतले, फणीने कोंडा खरवडून काढला आणि वर टोनर ओतला. झणझणलं. कमेंटमध्ये लिहिलं होतं की झणझणतंय म्हणजे काम करतंय. मी विश्वास ठेवला!

पहिला आठवडा खरंच भारी गेला. कोंडा गायब. मग मी रोज लावायला लागले, रात्री लावून तसंच झोपायचं. साधारण बाराव्या दिवशी आईबरोबर गच्चीवर कुरडया घालायला बसले. मे महिना, सकाळी नऊ ते बारा, डोक्यावर ओढणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी भांगाच्या जागी लालभडक पट्टा. त्यातून पाणी येत होतं आणि उशीचा अभ्रा डोक्याला चिकटत होता. फणी लागली की डोळ्यांत पाणी.

आता यात नेमकं काय झालं ते सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

ग्लायकोलिक हे एएचए गटातलं, म्हणजे अल्फा हायड्रॉक्सी ॲसिड. या गटातला सगळ्यात छोटा रेणू याचा, म्हणून तो त्वचेत पटकन शिरतो. आपल्या त्वचेच्या वरच्या थरात मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. हे ॲसिड ती चिकट पकड सैल करतं आणि पापुद्रे सुटतात. बास, त्याचं काम एवढंच. उसात ते असतं म्हणून जाहिरातीत उसाचं चित्र टाकतात, पण बाटलीतलं बहुतेक वेळा कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं असतं. कोल्हापूरकरांनो, डोक्यावर रस ओतू नका!

आता कोंडा कशाने होतो? मॅलेसेझिया नावाचं एक यीस्ट, म्हणजे बुरशीचा प्रकार, सगळ्यांच्याच डोक्यावर असतं. ते आपल्या त्वचेच्या तेलावर जगतं. काहींच्या त्वचेला त्याचा त्रास होतो, मग खाज येते आणि पेशी भराभर गळतात. ग्लायकोलिक पापुद्रे काढतं, पण यीस्ट तिथेच राहतं. म्हणून माझा कोंडा 'गेला' असं मला वाटलं, आणि एक दिवस लावलं नाही की परत हजर. म्हणून रोज लावत गेले. मुळात ती चूक.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कोंडाच आहे, हे कुणी सांगितलं?" कुणीच नाही! त्यांनी भुवया बघितल्या, नाकाच्या बाजूला बघितलं, तिथेही पिवळट तेलकट खपल्या. म्हणजे सेबोरिक डर्मटायटिस, कोंड्याचा थोरला भाऊ. आधी भाजलेलं बरं होऊ दिलं आणि मग किटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू दिला. आठवड्यातून दोनदा, लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा, चार आठवडे. त्यांनी अजून एक सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलंय. डोक्यावर सोरायसिस असेल तर असं खरवडून आणि ॲसिड लावून जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो. आणि लहान मुलांच्या डोक्यात गजकर्ण असेल तर पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात, वरून लावून जात नाही. म्हणजे पांढरं दिसलं की कोंडा, असं नसतं.

आता उन्हाचं. वरचा थर पातळ झाला की ऊन जास्त लागतं. अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्ये कंपन्यांना सुचवलं की एएचए असलेल्या वस्तूंवर उन्हाचा इशारा छापा, आणि वापर थांबवल्यावरही एक आठवडा जपा असं लिहा. चेहऱ्याला आपण सनस्क्रीन लावतो, भांगाला कोण लावतं? त्यामुळे स्कार्फ, टोपी, छत्री, काहीतरी पाहिजेच.

टक्क्यांबद्दल थोडं नीट ऐका. फक्त टक्के बघून चालत नाही, पीएच पण बघावा लागतो. पीएच ३.८ च्या आसपास साधारण निम्मं ॲसिड मोकळं, म्हणजे त्वचेत शिरायला तयार असतं. पीएच त्याहून खाली गेला की मोकळं ॲसिड वाढतं आणि आग पण वाढते. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या तज्ज्ञ मंडळाने घरी वापरायची मर्यादा सांगितली ती अशी: १० टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ किंवा जास्त, आणि उन्हापासून संरक्षण. ऑनलाइन ३० टक्क्यांची 'पील' सहज मिळते. ती डोक्याला लावायची नाही. त्या ताकदीचं ॲसिड डॉक्टर घड्याळ लावून लावतात आणि वेळेत उतरवतात. केसांत तुम्हाला कुठे काय लागलंय हे दिसतसुद्धा नाही.

(आजी म्हणाली, लिंबू चोळायचं होतंस की. आजी, लिंबाचा पीएच दोन-अडीच असतो, ते याहून आंबट! आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचेवर फोड येऊ शकतात.)

मग मी आता वापरते का? हो, पण डॉक्टरांना विचारून आणि दोन महिन्यांनंतर. स्काल्पसाठीच बनवलेलं, ५ टक्क्यांचं. आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट बघितली. आता आठवड्यातून एकदाच, कोरड्या डोक्यावर, बोटाने भांगाभांगात, दहा मिनिटं. मग साध्या शाम्पूने धुऊन टाकायचं. लावून झोपायचं नाही. ज्या दिवशी हे, त्या दिवशी सॅलिसिलिकचा शाम्पू नाही, स्क्रब नाही, खरवडणं नाही. हलकी चुणचुण चालते, आग झाली की लगेच धुवायचं.

कुणी अजिबात लावू नये? डोक्यावर ओरखडा, फोड, जखम असेल तर नाही. नुकताच कलर, ब्लीच किंवा स्मूदनिंग केलं असेल तर नाही. टक्कल करून आलात, वस्तरा फिरलाय, तर काही दिवस नाही. मिनॉक्सिडिल लावणाऱ्या मुलांनो, तुम्ही आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, कारण सोललेल्या त्वचेतून ते जास्त आत जाऊ शकतं.

आणि भाजलंच तर? नळाच्या साध्या पाण्याखाली डोकं धरा, भरपूर वेळ. खायचा सोडा लावू नका, तेल लावू नका. मला आईने प्रेमाने खोबरेल लावलं होतं, त्याने खपल्या अजून चिकटल्या. डोळ्यांत गेलं तर पंधरा मिनिटं पाणी मारा आणि डॉक्टरकडे जा. पाणी यायला लागलं, पू दिसला, केस पुंजक्याने गळायला लागले, तर रील बघत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

माझा भांग बरा व्हायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत मी कडेला भांग पाडून फिरत होते आणि ऑफिसमध्ये सगळे म्हणत होते, नवीन हेअरस्टाईल छान आहे! ती ७ टक्क्यांची बाटली अजून आहे माझ्याकडे. कोपरांना लावते.

चला, पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुमच्या डोक्यावर काय काय प्रयोग झालेत ते व्हॉइस नोटमध्ये नक्की सांगा, नाव घेणार नाही, प्रॉमिस.