वरून कुरकुरीत, आतून शिजलेले



आपल्या जाम चौरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, त्यामुळे ढाब्यावरचं चिकन मुलांना नवं नाही. आता ती चिकन विंग्स, म्हणजे कोंबडीचे पंख मागतात. केक-नानकटाईसाठी लहान ओव्हन घेतलेला असेल, तर विंग्स घरीच करा. कढईभर तेल लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: ओव्हनमध्ये वरून लाल झालेलं चिकन आतून कच्चं असू शकतं.

एक किलो विंग्स कातडीसकट आणा. दुकानदार कातडी काढून देतात, म्हणून आधीच सांगून ठेवा. कुरकुरीतपणा कातडीचाच असतो. सांध्यावर कापून टोकं रश्श्याला ठेवा. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू भांड्यांवर उडतात. कागदाने टिपून कोरडं करा. चिकन कापलेल्या सुरी-पाटावर कोशिंबिरीचा कांदा चिरू नका. हात साबणाने धुवा.

एक मोठा चमचा बेकिंग पावडर, चवीपुरतं मीठ, तिखट, हळद, मिरपूड चोळा. बेकिंग पावडरच घ्या. खायचा सोडा घातला तर कडवट लागतं. दही लावलं तर कातडी ओली राहते. लिंबू शेवटी पिळा.

ओव्हन २०० अंशांवर दहा मिनिटं तापू द्या. जाळीवर विंग्स सुटे मांडा, खाली ट्रे ठेवा. ४० ते ४५ मिनिटं लागतात, अर्ध्यात उलटवा. दीड हजार वॉटचा ओव्हन तासाला फार तर दीड युनिट वीज खातो. त्याला मोठ्या पिनचा सॉकेटच वापरा.

आता परीक्षा. सगळ्यात जाड तुकडा हाडापर्यंत चिरा. रस स्वच्छ निघाला, मांस पांढरं होऊन हाडापासून सुटलं, तर झालं. गुलाबी दिसलं तर आणखी दहा मिनिटं ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश दिसायला हवेत.

२००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तेव्हा राज्यभर लोकांनी धास्तीने चिकन सोडलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मांसाच्या प्रत्येक भागात ७० अंश उष्णता पोचली की तो विषाणू मरतो. पोटाच्या आजाराचे नेहमीचे जंतूही पूर्ण शिजवल्यानेच मरतात. पण आजारी किंवा मेलेली कोंबडी कधीच शिजवू नका.

आणि शेवटचं. आपण बाया सगळ्यांना वाढून मागून जेवतो. तोवर उरलेले विंग्स ओट्यावर तासन्‌तास पडून असतात. शिजलेलं चिकन दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आपल्या कडक उन्हाळ्यात तर तासभरही पुष्कळ झाला. मुलांसारखंच घरातल्या गरोदर सुनेलाही असं अन्न बाधतं. म्हणून ट्रे बाहेर आला की तिचं आणि आपलं ताट त्याच वेळी वाढा, अन् सगळ्यांसोबत बसून गरम गरम खा.

येत्या बैठकीत सांगा, कसे झाले ते.