घर पत्नीच्या नावे करताना

(महिला मेळाव्यातील भाषण)



"घर काय, तिचेच आहे!" असे सांगणारे पती आपल्यात पुष्कळ आहेत. परंतु कागद काढून पाहावेत तर त्यांवर तिचे नाव कोठेही आढळत नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता पती निवर्तला, तर त्या कायद्याने पत्नीला मुलगे, मुली आणि सासू यांच्या बरोबरीने केवळ एक वाटा मिळतो. जिने आयुष्यभर ते घर उभे केले, ती त्यात एक हिस्सेदार म्हणून उरते.

मग घर आज तिच्या नावे का करू नये? "वकिलाला पैसे कोठून आणावे?" असे उत्तर मिळते. तर ऐका. बक्षीसपत्र करण्यास वकील नेमलाच पाहिजे असे कायदा कोठेही म्हणत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याला एवढेच हवे आहे की, दस्त लेखी असावा, देणाऱ्याने त्यावर सही करावी, निदान दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी आणि दस्ताची नोंदणी व्हावी. देणारा हयात असतानाच घेणारीने दान स्वीकारले पाहिजे; म्हणून "मी हे दान स्वीकारले आहे" असे लिहून तिचीही सही घ्यावी.

महाराष्ट्रात पती किंवा पत्नीला राहते घर बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. नोंदणी शुल्क आणि काही क्षेत्रांतील स्थानिक अधिभार निराळे. ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावेत. ही सवलत नात्यावर मिळते, तेव्हा विवाहनोंदणीचा दाखला जवळ असावा. ज्यांनी अद्याप नोंदणी केली नसेल त्यांनी प्रथम ती करावी.

दस्ताच्या मजकुरात एक चूक वारंवार होते. "माझ्या पश्चात हे घर पत्नीचे होईल" असे लिहिले जाते. ते बक्षीसपत्र नव्हे, ते मृत्युपत्र झाले, आणि मृत्युपत्र पती केव्हाही बदलू शकतो. "आजपासून मालकी तुझी" हेच शब्द हवेत. घराच्या चतुःसीमा, क्षेत्रफळ आणि घर क्रमांक जुन्या कागदावरून जसेच्या तसे उतरावे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीस सादर करावा. नुसत्या मुद्रांक कागदावर लिहून नोटरीचा शिक्का घेतल्याने मालकी बदलत नाही, सोसायटीत वारस म्हणून नाव लावल्यानेही नाही.

नोंदणीनंतर दस्ताची प्रत जोडून ग्रामपंचायत, नगरपालिका अथवा सोसायटीकडे आणि जमिनीच्या अभिलेखात नाव बदलण्याचा अर्ज द्यावा. हे काम मागे पडते, आणि कराची पावती जुन्याच नावाने वर्षानुवर्षे येत राहते.

काही घरांच्या बाबतीत मात्र थांबावे. घर वडिलार्जित असून भाऊबंदांचे हिस्से त्यात असतील, तर एकट्याला सगळे देता येत नाही. गृहकर्ज फिटले नसेल तर बँकेची संमती घ्यावी. आणि आपल्यातील पुष्कळांची घरे माजी महार वतनाच्या जमिनीवर आहेत. ती वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, परंतु ज्या जमिनी अटींवर परत मिळाल्या त्यांच्या हस्तांतरास शासनाची परवानगी लागते. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल, तर आधी तहसील कार्यालयात चौकशी करावी. अशा गुंत्यात वकिलाचा सल्ला घेणे हा व्यर्थ खर्च नव्हे. तालुका विधी सेवा समितीकडे स्त्रियांना आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना तो विनामूल्य मिळतो.

पतींनो, आणखी एक गोष्ट सहीपूर्वी जाणून घ्या. नोंदवलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून परत घेता येत नाही. घर खरोखरच तिचे होते. ते विकण्याचा अधिकारही तिचाच होतो.