मुलांचे साहाय्य आणि वाढती महागाई
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. जन्म शाळेत गेला. त्रैराशिक तेवढे आम्हांस येते. त्याच्याच आधारे दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

मुलींनी शाळेत यावे म्हणून आपल्या राज्य सरकारने 1992 साली पहिली ते चौथीच्या गरीब, मागासवर्गीय मुलींना हजेरीच्या दिवसास एक रुपया भत्ता सुरू केला. हेतू स्तुत्य होता. परंतु तीस वर्षे लोटली तरी तो रुपया रुपयाच राहिला.

2023 साली 'लेक लाडकी' योजना आली. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबातील, 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलीस टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये मिळावयाचे. पैकी 75,000 अठराव्या वर्षी, म्हणजे लवकरात लवकर 2041 साली. महागाई दरसाल शेकडा 5 धरली, तर त्या 75,000 ची किंमत 2023 च्या सुमारे 31,000 रुपयांइतकीच भरेल. रक्कम कोणी कापली नाही; काळाने कुरतडली.

केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांच्या शिक्षणभत्त्याचा नियम निराळा आहे. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की तो आपोआप 25 टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे दरमहा 2,250 रुपयांचे 1 जानेवारी 2024 पासून 2,812 रुपये 50 पैसे झाले. ही वाढ भाववाढीच्या निम्मीच खरी. पण तीसाठी कोणास अर्ज करावा लागला नाही, आर्जव करावे लागले नाही.

सरकारकडे बोट दाखविणे सोपे आहे. आपले घर आपण पाहिले काय? आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीची रक्कम आम्ही नोकरीत असताना ठरली, ती आजही तीच आहे. गतवर्षी एका विधवा भगिनीच्या हाती आम्हीच ते पाकीट दिले. तिने वाकून आभार मानले. आम्हांस मात्र मान वर करवेना. मुलाच्या वह्यापुस्तकांपुरतेही ते पैसे नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी: केंद्रीय श्रम ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक दरमहा प्रसिद्ध करतो, आणि त्याच्या केंद्रांत आपले नाशिकही आहे. त्या आकड्याच्या प्रमाणात निधीची मदत दरसाल वाढवावी, असा ठराव याच सभेत व्हावा. पैसा अपुरा पडल्यास हारतुरे आणि शालश्रीफळ कमी करावे. आमच्यापासूनच आरंभ करावा.

मूल दरवर्षी वाढते. त्याच्यासाठी बाजूस काढलेला घासही वाढावयास नको काय? इत्यलम्.