ट्रंकेतला वेताळ

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण)

भांडी आवरून, पाणी भरून आता कुठे जरा पाठ टेकली असेल. घाबरू नका, आज मी कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही. आज बोलायचंय पोरांच्या चित्रकथांवर. कॉमिक्स म्हणतात ना, ती. जादू, जंगल, तलवारी, राक्षस, उडणारी माणसं. जी हातात दिसली की आपल्यातल्या निम्म्या आया म्हणतात, "ठेव ते, अभ्यासाचं घे."

मीपण म्हटलं. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझी लेक सातवीत आहे. घटक चाचणी तोंडावर आलेली आणि बाईसाहेब गणिताच्या पुस्तकाआड दुसरंच जाडजूड पुस्तक घेऊन बसलेल्या. पुण्याच्या आतेबहिणीकडून आणलेलं जपानी कॉमिक, इंग्रजीत. मी हिसकावलं आणि धान्याच्या कोठीवर टाकलं. ती रडली नाही, आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "आई, तू वाचून बघितलंस का?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला लागला. कारण गेली आठ वर्षं मी गटागटांत फिरून एकच सांगते, वाचल्याशिवाय सही करायची नाही. बँकेचा कागद असो, कर्जाचा अर्ज असो, आधी वाचा, मग अंगठा नाहीतर सही. आणि घरात मी न वाचताच निकाल देऊन मोकळी झाले होते.

त्या रात्री मला मामाची ट्रंक आठवली.

माझा मामा रेल्वेत होता, मिरजेला. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून तो तरुणपणी इंद्रजाल कॉमिक्स आणायचा. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ती १९६४ साली सुरू केली आणि १९९० ला बंद केली. म्हणजे मी वाचायला शिकले तोवर ती बंद पडली होती. पण मामानं एकही अंक रद्दीत घातला नव्हता. मे महिन्यात आजोळी गेलं, की कॉटखालची पत्र्याची ट्रंक ओढायची, डांबरगोळ्यांचा वास नाकात घ्यायचा आणि माळ्यावर जाऊन बसायचं. आजी खालून ओरडायची, "पोरीच्या जातीनं भुताची पुस्तकं वाचू नयेत!" माझ्या मामेभावाला मात्र ती कधी ओरडली नाही. त्याला वाचनाची आवडही नव्हती, तो भाग वेगळा.

भुताची पुस्तकं ती म्हणायची, कारण आतल्या नायकाचं मराठीतलं नावच वेताळ. इंग्रजीत तो फँटम. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९३६ साली वर्तमानपत्रासाठी तो तयार केला. अंगाला घट्ट बसलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, पांढरा घोडा, सोबतीला लांडगा, राहायला कवटीच्या आकाराची गुहा. जंगलातल्या लोकांना वाटतं हा मरतच नाही. खरं म्हणजे बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो. असे एकवीस पिढ्या चाललेलं.

आता गंमत बघा. त्याच ट्रंकेत चांदोबाचेही अंक होते, आणि त्यातही वेताळ! झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला विक्रम राजा आणि त्या प्रेतातून बोलणारा वेताळ. आणि तिसरा वेताळ आमच्या गावच्या शिवेवर, शेंदूर फासलेला. त्याला नारळ फोडल्याशिवाय कुणी विहीर खणायला घ्यायचं नाही. लहानपणी मला हे तिन्ही एकच वाटायचे. आज विचार करते, तेव्हा ज्यानं फँटमचं नाव वेताळ ठेवलं, त्याला दाद द्यावीशी वाटते. गावाची शीव राखणारा, रात्री फेरी मारणारा, वाईट माणसाला धाक घालणारा. परदेशातला मुखवटेवाला त्या एका नावानं आमच्या शिवेवर येऊन उभा राहिला.

तर त्या वाचनानं मला काय दिलं? खरं सांगते, धीर दिला. आजोळी संडास लांब होता. रात्री कंदील घेऊन एकटीनं जायचं म्हणजे पोटात गोळा यायचा. मी मनात म्हणायची, वेताळ घोड्यावरून मागे येतोय. हसू नका. बी.ए.च्या वर्षांत संध्याकाळच्या एसटीनं एकटी परत यायचे, तेव्हासुद्धा ते उपयोगी पडलं आहे.

पण आवडलं म्हणून सगळंच गोड होतं असं नाही. ती ट्रंक आता माझ्याकडे आहे. मामा गेल्यावर मामीनं माझ्या हवाली केली. मोठेपणी परत वाचताना काही गोष्टी खटकल्या. वेताळ गोरा. ज्यांचं तो रक्षण करतो ते आफ्रिकेतले काळे लोक, त्यांच्याच जंगलात राहून त्यांना स्वतःचं काही करता येत नाही. संकट आलं की ढोल वाजवून याला बोलवायचं. का बरं? त्यांच्यात कुणी शहाणं नव्हतं? जादूगार मँड्रेकचा सोबती लोथार, तो तर सगळ्यांत ताकदवान, पण जुन्या गोष्टींत बिचारा नोकरासारखा मागे उभा. आपण गटाचं काम करणाऱ्या बायका, आपल्याला हे लगेच कळतं. बाहेरून कुणी साहेब येऊन आपलं भलं करून जाईल, ही वाट बघण्यातच आपल्या आयांची आयुष्यं गेली.

दुसरं खटकलं ते बायकांचं. वेताळाची डायना चांगली शिकलेली, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी. पण गोष्टीत तिला सारखं कुणीतरी पळवून नेतंय आणि हा सोडवतोय. प्राण यांचे चाचा चौधरी तुम्हाला माहीत असतील, लाल पगडीवाले. त्यांचा साबू गुरू ग्रहावरून आलेला, डोंगराएवढा. तो जेवायला बसला की पोरं हसतात. मला मात्र चाचीच दिसते. कणीक कोण मळतंय हो एवढी? चाची करवादते, ते त्या चित्रकथेतलं सगळ्यांत खरं वाक्य असतं.

ह्या सगळ्यांत मला मनापासून पटला तो बहादूर. आबिद सुरतींनी तो १९७६ मध्ये इंद्रजालसाठी लिहिला. बहादूर हा डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीनं मेलेला. आधी त्याच्या मनात सूड असतो, मग कळतं की बापाचा मार्गच चुकीचा होता. पुढे तो काय करतो? गावातल्या लोकांना जमवून नागरिक सुरक्षा दल उभं करतो. मुखवटा नाही, जादू नाही, कुडता आणि जीन्स घातलेला साधा माणूस. बरोबरीला बेला, मारामारीत त्याच्याइतकीच तयार. म्हणजे बघा, एकानं सगळ्यांना वाचवायचं नाही, सगळ्यांनी मिळून गाव सांभाळायचं. आपला गट दुसरं काय आहे?

आणि चांदोबा. मराठी चांदोबा १९५२ साली सुरू झाला, छपाई २०१३ च्या सुमारास थांबली. विक्रम-वेताळाची चित्रं काढणारे शंकर २०२० मध्ये गेले, त्यांना पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मश्री मिळाली. वेताळाची गोष्ट संपते ती प्रश्नावर. चूक कुणाची? खरा दानशूर कोण? राजाचं उत्तर वाचण्याआधी मी पान झाकून स्वतःचं उत्तर ठरवायची. कधी जुळायचं, कधी नाही. न जुळलं की राजाशी भांडायची. ठरावावर चर्चा कशी करायची, हे मी प्रशिक्षणात शिकले त्याच्या कितीतरी आधी ह्या वेताळानं शिकवलं.

आता त्या कोठीवर टाकलेल्या पुस्तकाकडे येते. दुसऱ्या दिवशी मी ते उतरवलं आणि लेकीला म्हटलं, "मला सांग ह्यात काय आहे." पहिली गंमत म्हणजे ते उजवीकडून डावीकडे वाचायचं, जपानी पद्धतीनं. मी उलटंच धरलं होतं! गोष्ट नारुतो नावाच्या पोराची, मासाशी किशिमोतो यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली. पोर अनाथ. त्याच्या अंगात एक राक्षसी कोल्हा कोंडलेला आहे, म्हणून सगळं गाव त्याला टाळतं. आयाबाया आपल्या पोरांना त्याच्याशी खेळू देत नाहीत. आणि ह्या पोराचं स्वप्न काय, तर त्याच गावाचा प्रमुख व्हायचं.

मी गप्प झाले. गावानं टाळलेलं पोर म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. लेक म्हणाली, "आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्याशेजारी कुणी बसत नाही. मी बसते आता." मैत्रिणींनो, मूल्यशिक्षणाच्या तासाला हे झालं नव्हतं. आणि हो, अडलेले इंग्रजी शब्द तिनं वहीच्या मागच्या पानांवर अर्थासकट लिहून ठेवले होते. चार पानं भरली होती.

मारामारी आहेच त्यात, रक्तही आहे. माझ्या नऊ वर्षांच्या धाकट्याला मी ते अजून देत नाही. आणि परीक्षेच्या आठवड्यात नाही म्हणजे नाही, हेही लेकीशी ठरलंय. वाचून ठरवलेलं तिनंही ऐकलं.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी मी आज माईकसमोर बसले.

आमच्या एका गटात एक मावशी आहेत. चौथीत शाळा सुटली. अक्षरओळख पुसत पुसत सहीपुरती राहिली. मी कितीदा म्हटलं, साक्षरतेचं पुस्तक देते. त्या म्हणायच्या, "आता म्हातारपणी कमळ-बदक काय वाचू? लाज वाटती." एकदा त्यांच्या नातवासाठी मी ट्रंकेतले पाच-सहा वेताळ दिले. नातू तिसरीत, वाचताना अडखळायचा. तो अडला की आजीला विचारायचा. आजीला येत नसे, पण चित्र बघून अंदाज करायची. "हा चिडलाय, म्हणजे 'थांब' म्हणत असंल." मग दोघं अक्षर लावून बघायची, तर खरंच 'थांब'. तोंडातून निघालेल्या त्या फुग्यात चार-पाच शब्द असतात. ना पानभर मजकूर, ना धड्याखाली प्रश्न. चुकलं तरी लाज नाही, कारण समोर नातूच. अक्षर बारीक म्हणून मावशींनी चष्मा करून घेतला. सहा महिन्यांत सगळे अंक दोनदा झाले.

मग गेल्या दिवाळीनंतरच्या बैठकीत मावशींनी स्वतःहून रजिस्टर मागितलं. बोट ठेवून सावकाश वाचलं. आणि म्हणाल्या, "ताई, माझा श्रावणातला पाचशेचा हप्ता हितं दिसत न्हाई."

खरंच नव्हता. लिहिताना ओळ सुटली होती. पैसे गटातच होते, कुणी खाल्ले नव्हते. पण त्या पानाखाली तपासल्याची सही होती, आणि ती सही माझी होती. न वाचता केलेली. घाईत, पुढच्या गावाची गाडी पकडायची म्हणून. मी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, नोंद दुरुस्त केली. मावशी एवढंच म्हणाल्या, "असू द्या, सुटती एखादी ओळ." पण त्या दिवसापासून त्या गटात रजिस्टर मोठ्यानं वाचलं जातं, आणि वाचतात मावशी.

म्हणून आम्ही ठरवलं की गटात चित्रकथांची एक पेटी करायची. विरोध झाला. "गटाचा पैसा पोरांच्या खेळाला?" मी म्हटलं, दशसूत्रीत शिक्षण आहे की नाही? तरी गटाच्या निधीला हात लावला नाही. प्रत्येकीनं वीस-वीस रुपये वर्गणी काढली, तालुक्याच्या रद्दीवाल्याकडून जुने अंक निवडून आणले, माझी ट्रंक त्यात घातली. नोंदवही मावशींच्या नातवाकडे आहे. उशीर झाला तर आपल्या आईलासुद्धा सोडत नाही तो.

तुमच्या घरी कॉमिक आलं तर काय बघायचं, ते माझ्या अनुभवावरून सांगते. गोष्टीतल्या बाईला आणि गरिबाला काही करायला दिलंय का, की नुसतं ओरडायला? नायक डोकं चालवतो का, की फक्त हात? वाईट माणूस वाईट का झाला, हे कळतं का? आणि रक्तपात पोराच्या वयाला झेपणारा आहे का? उत्तरं पटली नाहीत म्हणून पुस्तक जाळू नका. पोराशेजारी बसा आणि हेच प्रश्न त्याला विचारा. वेताळ विक्रमाला विचारायचा तसे.

मामाच्या ट्रंकेतल्या वेताळाला आता मावशींच्या घराची वाट पाठ झाली आहे. तुमच्या माळ्यावर, कॉटखाली असा एखादा पडला असेल तर बाहेर काढा. आणि पोराच्या हातातलं पुस्तक हिसकावण्याआधी दोन पानं वाचा. निकालावर सही त्यानंतर करा.