अपूर्ण पिता आणि मुलांचा विश्वास
(ज्युबिलीच्या पवित्र मिस्सेनंतर केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल दिवशी देवाचे उपकार आठवावेत, तसे आपले दोषही आठवावेत. आज पित्यांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. लोक मलाही ‘फादर’ म्हणतात, तेव्हा मीही त्यांतच आलो.

ज्यांची भजने मराठी ख्रिस्ती लोक आजही गातात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक थोर कवी खरे, परंतु शीघ्रकोपी व लहरी गृहस्थ होते. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू त्यांस कित्येक वर्षे अंतरले. पुढे कुटुंब एकत्र आले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना पतीचे दोष झाकले नाहीत. टिळक १९१९ साली ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून वारले. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि १९३६ साली त्याही निवर्तल्यावर शेवटचा अध्याय त्याच दत्तूने लिहिला. सदोष पित्याचे अपुरे काम पुत्राने आपले मानिले.

माझेही सांगतो. एकदा दानपेटीतील पैसे नाहीसे झाले म्हणून मी एका मुलास सर्वांदेखत बोललो. दुसऱ्या दिवशी ते माझ्याच कपाटात सापडले. मी त्यास एकांतात बोलावून क्षमा मागितली. तो मान हलवून गेला, परंतु वेदीसेवेस आला नाही. तेव्हा उमगले, की अपमान चारचौघांत केला आणि क्षमा मात्र कोपऱ्यात मागितली! पुढील रविवारी ती सर्वांसमोर मागितली. तरीही तो परतला तो पावसाळा सरल्यावरच.

आपण धान पिकविणारे लोक. बांधीचा बांध एका रात्रीत फुटतो. तो पुन्हा घालावयास दिवस लागतात. तेंदूपत्त्याचे पैसे हाती येण्यापूर्वी मुलास वह्या कबूल करावयाच्या, आणि पैसे गुत्त्यावर घालवावयाचे, हा असाच बांध फोडणे होय. जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली, २०२१ साली उठली. परंतु मुलास दिलेला शब्द कोणताही कायदा आपल्याकरिता पाळणार नाही.

बारा वर्षांच्या येशूस संत योसेफ व पवित्र मरिया तीन दिवस शोधीत होते, आणि सापडल्यावरही त्याचे बोलणे त्यांस उमजले नाही. मूल न उमजणे हे पाप नव्हे. त्याचा शोध सोडणे हे पाप होय.

आज घरी गेल्यावर ज्याचा अपराध केला असेल त्या मुलापाशी बसा, आणि “माझे चुकले” एवढे म्हणा. लगेच उत्तराची अपेक्षा मात्र करू नका.

प्रभू आपणांस बळ देवो. आमेन.